आवाज मागसून येता

गणपती होऊन आठ-दहा दिवस झाले की माझ्याकडे नेमाने एक वेगळी गर्दी सुरू होते. चाकरमानी मुंबईला परतलेले असतात आणि जाताना घरातल्या म्हाताऱ्यांबद्दल काहीबाही ठरवून गेलेले असतात. "आबांचे कान दाखवून घ्या" हे त्यातलंच एक. मी श्रवणतज्ज्ञ आहे, मूळची घाटावरची, सिंधुदुर्गात येऊन आता बरीच वर्षं झाली. तरी इथली भाषा मला अजून पुरती येत नाही. पुढच्या हकिकतीत ते महागात पडलं, म्हणून आधीच सांगून टाकते. ओळख पटू नये म्हणून घरातले काही तपशील बदलले आहेत.

आबांचं वय ७४. वेंगुर्ला तालुक्यात, किनाऱ्याला लागून घर. सगळं आयुष्य रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून दोराने जाळं ओढण्यात गेलेलं, खांद्याला दोराचे घट्टे अजून आहेत. सोबत सून आली होती. तिची तक्रार सरळ होती: गणपतीपासून आबांचं ऐकणं एकदम बसलं. पूर्वी टीव्हीवरच्या बातम्या ऐकून त्यावर भांडायचे, आता नुसते बघत बसतात आणि मधेच उठून ओटीवर जातात. मुलाने येताना मोठा टीव्ही आणला होता, शिवाय आबांसाठी खास ब्लूटूथ स्पीकर. तो त्यांच्या आरामखुर्चीच्या मागे, कानाजवळच ठेवलेला. "एवढा मोठा आवाज करूनही कळत नाही, म्हणजे कान गेलेच ना हो मॅडम?"

आबांना विचारलं. ते म्हणाले, "माका ऐकाक येता, पण शब्द कळणत नाय. तो आवाज मागसून येता गो."

मी केसपेपरवर लिहिलं: "आवाज मागून येतो. स्पीकर खुर्चीमागे."

श्रवणालेख काढला. त्यांचा दीड वर्षापूर्वीचा आलेख आमच्याकडे होताच. दोन्ही कागद एकमेकांवर धरून उजेडात बघितले तर रेघा जवळजवळ एकावर एक. वयोमानाने होणारी ठरलेली घसरण: जाड, खालच्या पट्टीतले आवाज बऱ्यापैकी शाबूत, बारीक वरच्या पट्टीतले बरेच गेलेले. कानात मळ नाही, पडद्यामागे पाणी नाही. गणपतीत कानांचं काहीही बिघडलेलं नव्हतं.

मग शब्दांची चाचणी. आधी तोंडासमोर कागद धरून पंचवीस शब्द म्हटले, आबांना जेमतेम अर्धे आले. कागद बाजूला केला, आवाज तेवढाच ठेवला, दुसरे तसेच पंचवीस शब्द म्हटले. चार-पाच सोडून सगळे बरोबर. सून चकित झाली, मी नाही. कमी ऐकू येणारा माणूस न शिकता ओठ वाचायला लागतो आणि आपण ओठ वाचतो हे त्याला स्वतःलाही ठाऊक नसतं. "चष्मा दे, नीट ऐकू येत नाही" हे घरोघरी हसण्यावारी जाणारं वाक्य आमच्या धंद्यात फार गंभीरपणे घेतलं जातं. गोंगाटात बोलणाऱ्याचा चेहरा दिसला तर किती फरक पडतो, हे सम्बी आणि पोलक या दोघांनी १९५४ मध्येच मोजून दाखवलं होतं. गोंगाट जितका जास्त, तितकी चेहऱ्याची मदत मोठी.

इथे थोडं थांबून वर्णमालेकडे बघायला हवं, कारण ही गोष्ट आपल्याला शाळेतच अर्धी शिकवलेली असते. क-च-ट-त-प या ओळी उच्चाराच्या जागेनुसार लावल्या आहेत. कंठापासून सुरुवात करून ओठांपर्यंत, म्हणजे आतून बाहेर. क-वर्ग घशाशी घडतो, तो समोरच्याला दिसत नाही. प-वर्ग थेट ओठांवर घडतो, तो लपवता येत नाही. उभ्या रांगांचं तसं नाही. प, ब, म या तिन्हींना ओठ सारखेच मिटतात. फरक आहे तो कंठातल्या कंपनाचा आणि नाकातून जाणाऱ्या हवेचा. आरशासमोर उभं राहून आवाज न काढता "पाप, बाप, माप" म्हणून बघा. आरशातल्या माणसाने तीनदा एकच शब्द म्हटला असं वाटेल.

म्हणजे ओळ कुठली हे डोळा बरंच सांगू शकतो आणि रांग कुठली हे कानच सांगतो. आता आबांचा आलेख आठवा. कंपन आणि नाकातला गुंजारव खालच्या पट्टीत असतो, तो त्यांना ऐकू येतो. पान, तान, कान यातला फरक मुख्यतः वरच्या पट्टीतल्या क्षणिक स्फोटात असतो, तो त्यांच्या कानातून निसटतो. पण पान म्हणताना ओठ मिटतात, ते डोळ्याला दिसतं. कानाला जे कमी पडतं नेमकं तेच डोळ्याने भरून निघतं. निसर्गाने इतकी सोयीची वाटणी क्वचितच केली असेल.

ही बेरीज डोक्यात कशी होते, याचा सगळ्यात प्रसिद्ध दाखला हॅरी मॅक्गर्क आणि जॉन मॅकडोनाल्ड यांनी १९७६ मध्ये 'नेचर'मध्ये छापला. चित्रफितीत बाई "ग" म्हणते आहे, वर आवाज मात्र "ब"चा चिकटवलेला. बघणाऱ्यांतल्या बहुतेकांना ऐकू येतं "द". डोळे मिटले की ब, उघडले की पुन्हा द. आपल्या तक्त्यात हे मांडलं की मजा येते. ग, ज, ड, द, ब ही तिसरी रांग. कानाने रांग अचूक सांगितली, त्यावर वाद नाही. ओळीबद्दल मात्र कान म्हणतो शेवटची आणि डोळा म्हणतो ओठ मिटलेच नाहीत. मग मेंदू दोघांनाही फारसं न दुखावता मधली ओळ निवडतो. पंचाने काढलेली तडजोड म्हणा. सगळ्यांनाच हा भास होत नाही, पण ज्याला होतो त्याला युक्ती समजावून सांगितली तरी द ऐकू येतच राहतो.

ही तडजोड होते ती कानशिलाच्या आत, मेंदूच्या बाजूच्या एका लांब खाचेच्या आसपास. २०१० मध्ये टेक्सासमधल्या संशोधकांनी चुंबकीय झटके देऊन तेवढी जागा क्षणभर विस्कटली, तर लोकांना द ऐकू येण्याचं प्रमाण घटलं. त्याआधी १९९७ मध्ये असंही दिसलं होतं की आवाज पूर्ण बंद ठेवून नुसते हलणारे ओठ दाखवले तरी मेंदूचा ऐकण्याचा भाग जागा होतो. आबा टीव्हीसमोर डोळ्यांनी ऐकत होते, हे शब्दशः खरं.

आता माझी चूक.

पहिल्या भेटीत मी सल्ला दिला: स्पीकर खुर्चीमागून काढा, टीव्हीच्या बाजूला ठेवा. चेहरा समोर आणि आवाज पाठीमागे, म्हणून मेंदूचा गोंधळ होतोय, असं माझं निदान. ऐकायला पटण्यासारखं होतं. आठवड्याने सून परत आली. स्पीकर हलवला, फरक शून्य.

खरं तर मला तेव्हाच कळायला हवं होतं, कारण जागेच्या बाबतीत मेंदू कमालीचा उदार असतो. रामदास पाध्यांच्या मांडीवरचा अर्धवटराव बोलतो तेव्हा आवाज त्याच्याच तोंडातून येतोय असं आपल्याला वाटतं. त्या कलेचं मराठी नावच शब्दभ्रम आहे. आणि पाध्यांपर्यंत तरी कशाला जायचं? इथल्या कुठल्याही जत्रेत दशावतार बघायला बसा. राजा रंगमंचाच्या मधोमध उभा, त्याचा आवाज निघतो डावीकडे पोफळीला बांधलेल्या कर्ण्यातून, तरी तो राजाच्याच तोंडून ऐकू येतो. पेटी, पखवाज, झांज सगळं त्याच कर्ण्यातून, तरी जे ते आपापल्या जागी ऐकू येतं. जागा ठरवण्यात डोळा तरबेज आहे, म्हणून मेंदू तिथे डोळ्याचं मानतो. अलाईस आणि बर यांनी २००४ मध्ये हेच उलटं करून दाखवलं: पडद्यावरचा ठिपका खूप धूसर केला की मेंदू कानाच्या बाजूला झुकतो आणि तो ठिपका आवाजाच्या दिशेला सरकलेला दिसतो. जो साक्षीदार त्या घडीला जास्त भरवशाचा, त्याच्या शब्दाला वजन जास्त. मग स्पीकर खुर्चीमागे आहे की टीव्हीखाली, याने आबांचं एवढं अडण्याचं कारण नव्हतं.

कोडं सुटलं ते माझ्या हुशारीने नाही. स्वागतकक्षातली मुलगी आबांच्याच बाजूच्या गावची. केसपेपर लावताना तिने माझं वाक्य वाचलं आणि म्हणाली, "मॅडम, आबा मागसून म्हणाले ना? मागसून म्हणजे नंतर. पाठीमागून नाय."

म्हणजे आवाज नंतर येतो! माणूस पहिल्या दिवसापासून अचूक निदान सांगत होता आणि मी त्याचं भाषांतर करून ठेवलं होतं.

रविवारी मी त्यांच्या घरी गेले. आबांची नात नववीत आहे. मोजमाप खरं तिनेच केलं, मी फक्त पद्धत सांगितली. तिने नारळाच्या दोन करवंट्या घेतल्या, अंगणात उभी राहून एकमेकींवर वाजवल्या आणि त्याची फोनवर चित्रफीत काढली. आधी ती चित्रफीत फोनवरच तपासली: करवंट्या भिडतात आणि टक्क वाजतं, एकाच चौकटीत, म्हणजे फ्रेममध्ये. मग ती पेनड्राइव्हवरून टीव्हीला लावली आणि त्या टीव्हीचं दुसऱ्या फोनने चित्रण केलं, फोन स्पीकरच्या अगदी जवळ धरून. ते चित्रण एकेक चौकट सरकवत बघितलं. सेकंदाला तीस चौकटी, म्हणजे एक चौकट ३३ मिलिसेकंदांची.

टीव्हीचा स्वतःचा आवाज लावला तेव्हा करवंट्या भिडल्यावर आवाजाची उंच रेघ त्याच किंवा पुढच्या चौकटीत येत होती. ब्लूटूथ स्पीकर लावला आणि नात मोजू लागली. एक, दोन, तीन… करवंट्या भिडून सुटल्या, हात अंगापासून लांब गेले, आणि नवव्या चौकटीत टक्क. तिने चारदा मोजलं. एकदा आठ आलं, एकदा दहा, दोनदा नऊ. सुमारे ३०० मिलिसेकंद.

ब्लूटूथमध्ये आवाज आधी आवळून बांधावा लागतो, हवेतून पाठवावा लागतो, मग पलीकडे उलगडावा लागतो. तुटू नये म्हणून स्पीकर थोडा साठाही करून ठेवतो. गाणी ऐकताना हा उशीर कुणाला कळतही नाही, कारण जुळवायला समोर काही नसतं. काही टीव्ही चित्रही तेवढंच थोपवून धरतात. हा धरत नव्हता. नातवाने मुंबईहून फोनवर सांगून "ध्वनी विलंब" नावाची सेटिंग वाढवायला लावली होती. पण त्यांच्या टीव्हीतली ती सोय आवाज आणखी मागे ढकलण्यापुरतीच होती. त्यामुळे मधले दोन दिवस आबांसाठी सगळ्यात वाईट गेले.

तीनशे मिलिसेकंद म्हणजे किती? साध्या बोलण्यात सेकंदाला चार-पाच अक्षरं जातात. म्हणजे निवेदिकेचे ओठ आबांच्या कानापेक्षा एक अख्खं अक्षर पुढे होते, कधी त्याहूनही जास्त. "पाऊस"चा प कानात पोचेपर्यंत तोंड ऊ वर गेलेलं. कान सांगतो पहिलं अक्षर, डोळा दाखवतो दुसरं. ज्या ओठांच्या आधारावर आबा शब्द पकडत होते तेच आता खोटी साक्ष देत होते. आणि स्पीकरचा आवाज वाढवला की ही खोटी साक्ष आणखी मोठ्याने ऐकू यायची, एवढंच.

मेंदूला उशीर मुळीच चालत नाही असं मात्र नाही. मी हे आबांना समजावू लागले तर त्यांनीच मला समजावलं: "लांब कोण लाकूड फोडता तर घाव आधी दिसता, आवाज मगे येता. तेचा काय!" अगदी खरं. इथल्या दमट उन्हात आवाज सेकंदाला साधारण ३५० मीटर जातो. जत्रेत तीस मीटरवर बसलेल्याला राजाचा आवाज सुमारे ८५ मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि त्याला काही खटकत नाही. शिवाय डोळ्याच्या पडद्यावर प्रकाशाचं संदेशात रूपांतर व्हायला कानापेक्षा जास्त वेळ लागतो, त्यामुळे आतल्या आतही थोडी फिटंफाट होते. बोलण्याचा तर स्वभावच असा की ओठ आधी हलतात. प फुटण्यासाठी आधी ओठ मिटावे लागतात, मेंदूला ती आगाऊ वर्दी मिळते. म्हणून मागे रेंगाळणाऱ्या आवाजाला मेंदू बरीच सवलत देतो, साधारण दोनशे मिलिसेकंदांपर्यंत. पुढे धावणाऱ्या आवाजाला फारच थोडी, कारण सृष्टीत आवाज प्रकाशाच्या आधी कधी येतच नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची १९९८ ची शिफारसही याच धर्तीवर आहे: आवाज ४५ मिलिसेकंद आधी आला तर प्रेक्षकाच्या लक्षात येऊ लागतं, उशिरा आला तर १२५ पर्यंत खपून जातं.

आबांचा स्पीकर या सवलतीच्याही पलीकडे गेला होता. टीव्ही खुर्चीपासून आठ फुटांवर, पण त्यातला आवाज जणू शंभर मीटरवरून, पार माडाच्या बागेपलीकडून येत होता.

मग घरातल्या बाकीच्यांना हे का कळलं नाही? सुनेला विचारलं तर ती म्हणाली, कधीतरी विचित्र वाटायचं, मग सवय झाली. सवय होते हे खरंच. थोडा वेळ सतत उशिराचा आवाज ऐकवला तर "एकाच वेळी"ची आपली कल्पना उशिराच्या बाजूला जराशी सरकते, हे जपानी संशोधकांनी २००४ मध्ये दाखवलं आहे. पण ती जराशीच सरकते, तीनशे मिलिसेकंद गिळण्याइतकी नाही. खरं कारण वेगळं. सुनेचे कान चांगले, शब्द तिला कानानेच पुरे पडतात. पोळ्या लाटताना ती टीव्ही नुसता ऐकते, ओठांकडे बघतंय कोण? जिथे एकच साक्षीदार पुरतो तिथे दुसरा खोटं बोलला तरी निकाल बदलत नाही. आबांना दोघेही लागत होते.

मांजराच्या मध्यमेंदूवर बॅरी स्टाइन आणि ॲलेक्स मेरेडिथ यांनी केलेलं जुनं काम इथे आठवतं. एकेकटी पेशी नुसत्या मिणमिणत्या प्रकाशाला जेमतेम दाद देते, नुसत्या क्षीण आवाजालाही जेमतेम. पण दोन्ही एका जागी, एका वेळी आले की तिचं उत्तर त्या दोन्हींच्या बेरजेपेक्षाही मोठं असू शकतं. आणि संकेत जितके दुबळे तितका फायदा मोठा. वेळ चुकली की हा फायदा जातो. मांजराच्या पेशीवरून माणसाच्या भाषेवर उडी मारणं धोक्याचं आहे, हे मान्य. पण आबांची स्थिती यापेक्षा नेमक्या शब्दांत मला सांगता येत नाही.

एक जुनी गोष्टही याच धाग्यात उलगडली. आबा हिंदीत आणलेले दाक्षिणात्य सिनेमे कधीच बघत नसत. घरात सगळे समजत की त्यांना मारामारी आवडत नाही. पण दशावतारातल्या युद्धाला हाच माणूस पहाटेपर्यंत पहिल्या रांगेत बसतो, पुढची जागा मिळावी म्हणून जेवण उरकून लवकर निघतो. कारण विचारलं तर म्हणाले, "तोंड दिसला की समाजता." दुसऱ्या भाषेतला आवाज चिकटवलेल्या सिनेमात तोंड दिसतं, पण ते भलतंच बोलत असतं.

उपाय काय, तर वायर. वेंगुर्ल्याच्या बाजारातून आणलेली साधी ऑडिओ वायर, टीव्हीच्या मागून स्पीकरमध्ये. स्पीकर टीव्हीखाली ठेवला. करवंट्यांची फीत पुन्हा लावली, नातीने मोजलं: टक्क त्याच चौकटीत. मग सातच्या बातम्या लावल्या. आबा पाच-सहा मिनिटं काही बोलले नाहीत. मग मच्छीमारांच्या डिझेल परताव्याची बातमी लागली आणि त्यांनी निवेदिकेला उद्देशून जे म्हटलं ते इथे छापता येणार नाही. सून पदराआड हसली.

वायरने कान बरे झाले नाहीत, हेही नोंदवायला हवं. वरच्या पट्टीतली घट आहे तिथेच आहे आणि यंत्र लावायला हवंच होतं. त्यावर आमची दोन महिने रस्सीखेच चालली. शेवटी उजव्या कानाला लावायला तयार झाले, तेही घरापुरतं. किनाऱ्यावर वाऱ्याने ते भणभणतं म्हणून खिशात ठेवतात.

तिसऱ्या भेटीत सुनेने आणखी एक तक्रार आणली, हसत हसत. मुलगा मुंबईहून व्हिडिओ कॉल करतो. आबा फोन समोर धरतच नाहीत, सरळ कानाला लावतात. मुलाला पलीकडे नुसतं कानाचं भोक दिसतं. सगळे ओरडतात, आबा, तोंड दाखवा! आबा डोळे मिटून फोन आणखी घट्ट दाबतात. आता तुम्हीच शिकवा त्यांना, मॅडम.

मी तिथेच त्यांच्या फोनवरून मुलाला कॉल लावून बघितला. त्या गावात रेंज म्हणजे खिडकीच्या एका कोपऱ्यात मिळेल तेवढीच. चित्र अडखळत होतं, थिजत होतं, आणि आवाज त्याच्या पुढे धावत होता. म्हणजे उलटी चूक, मेंदू ज्याला जवळजवळ काहीच सवलत देत नाही ती. मुलाचे ओठ मागचा शब्द म्हणत होते, आवाज पुढच्या वाक्यावर गेला होता.

मी फोन आबांना परत दिला. त्यांनी तो कानाला लावला आणि डोळे मिटले. मी सुनेला सांगितलं, लावू दे तसाच.